रंगाची काळजी सोडा, आणि दोन वर्षांची मुदतही

न्यू जर्सीहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी अकरावीत आहे, मार्क उत्तम आहेत. तिला नाटकाचं शिक्षण घ्यायचंय. आई-बाबा दोघंही आयटीत. तिनं कम्प्युटर सायन्स किंवा नर्सिंगला जावं, अशी त्यांची इच्छा. आपलं म्हणणं पटवून द्यायला मुलीनं बाबांच्या हातात व्हायोला डेव्हिस या अमेरिकन अभिनेत्रीचं 'फाइंडिंग मी' हे आत्मचरित्र ठेवलं. बाबांनी ते वाचलं आणि मला लिहिलं: "पुस्तक चांगलं आहे. पण त्या बाईंना गरिबीनं घडवलं, आमच्या मुलीला सगळं आयतं मिळालंय. त्यांना आठ मिनिटांच्या एका सीननं नशीब दिलं, तसं सगळ्यांचं होत नाही. शाळेच्या नाटकात हिला एकदाच बोलायचं काम मिळालं, बाकी वेळ पडद्यामागे सामान हलवत होती. त्यातून आमची मुलगी सावळी, नाकीडोळी साधी. तिला तिथे कोण घेणार? हे मी तिला स्पष्ट सांगितलंय. तरीही कॉलेजनंतर दोन वर्षं देतो म्हटलंय. त्यात नाव झालं तर ठीक."

नमस्कार,

मुलीनं दिलेलं पुस्तक तुम्ही शेवटपर्यंत वाचलंत, याचा मला खरंच आनंद झाला. पण पत्रातल्या एका वाक्यापाशी मी अडले, आणि करिअरचं बोलण्याआधी त्याबद्दल बोलायलाच हवं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला तिचे बाबा सांगतात, "तू सावळी आहेस, तुला कोण घेणार?" याला स्पष्ट बोलणं म्हणत नाहीत. ही स्थळांच्या जाहिरातीतली भाषा आहे. आपण ती सामानाबरोबर साता समुद्रापार नेली, आणि आता मुलीच्या शिक्षणाचा विषय निघाल्यावर बाहेर काढली. या धंद्यात नकार भरपूर मिळतात. ते देणारी माणसं तिला बाहेर भेटतीलच. त्यातला पहिला नकार घरातून, आणि तोही चेहऱ्याला, मिळायला नको होता.

आणि तुम्ही वाचलेलं पुस्तक तर याच जखमेबद्दल आहे. ऱ्होड आयलंडमधल्या सेंट्रल फॉल्स या छोट्या गावात शाळा सुटली की वर्गातली मुलं लहानग्या व्हायोलाच्या रंगावरून घाणेरडं बोलत तिच्या मागे धावायची, आणि ती जिवाच्या आकांतानं घर गाठायची. पुढे २०१४ साली, एकोणपन्नासाव्या वर्षी, तिला टीव्ही मालिकेत पहिल्यांदा मुख्य भूमिका मिळाली. तेव्हाही न्यूयॉर्क टाइम्सच्या समीक्षिकेनं, ती रूढ अर्थानं कमी सुंदर आहे, अशा आशयाचं लिहिलं. काही आठवड्यांतच त्याच मालिकेचा एक भाग दाखवला गेला. रात्रीची वेळ. डेव्हिसनं रंगवलेली नामांकित वकीलबाई आरशासमोर बसते. आधी केसांचा टोप उतरवते, मग खोट्या पापण्या काढते, मग पुसून पुसून सगळा मेकअप काढते आणि आरशात बघत राहते. असा प्रसंग हवाच, असा आग्रह डेव्हिसनंच धरला होता. पुढच्या वर्षी या भूमिकेसाठी तिला एमी हा टीव्हीतला मोठा पुरस्कार मिळाला. नाट्यमालिकेतल्या मुख्य अभिनेत्रीचं एमी मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. तेव्हाच्या भाषणात तिनं सांगितलं की आमच्यात आणि इतरांत फरक असेल तर तो फक्त संधीचा. ज्या भूमिका कुणी लिहिल्याच नाहीत, त्यांच्यासाठी बक्षीस कसं मिळणार? तुमच्या मुलीनं नेमकं हेच पुस्तक तुमच्या हातात का ठेवलं, याचा शांतपणे विचार करा. मला वाटतं, ती तुमच्याशी करिअरबद्दल बोलतच नव्हती.

आता त्या आठ मिनिटांबद्दल. हा गैरसमज मला पालकांत दिसतो आणि मुलांत तर जास्तच: एक सीन, एक व्हिडिओ, एक ओळखीचा माणूस, की आयुष्य पालटलं. 'डाउट' हा सिनेमा २००८ चा. मेरिल स्ट्रीप शाळेच्या कडक मुख्याध्यापिका, आणि डेव्हिस एका विद्यार्थ्याची आई. थंडीत दोघी बोलत चालल्या आहेत. मुलाबद्दल काहीतरी भयंकर कानावर येतंय, आणि आई मागते काय, तर जूनपर्यंत त्याला इथे राहू द्या, म्हणजे तो पास होऊन बाहेर पडेल. ती रडते तेव्हा नाकही वाहतं, आणि त्याचं तिला भानही नसतं. एवढ्याशा कामावर तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. तुम्हाला ही लॉटरी वाटली. पण या बाईंनी त्या आईचा सगळा पूर्वेतिहास स्वतःसाठी पानंच्या पानं लिहून काढला होता. आणि त्याआधीचा हिशेब बघा. १९८८ ला ऱ्होड आयलंड कॉलेज या सरकारी कॉलेजातून नाटकाची पदवी. १९९३ पर्यंत न्यूयॉर्कच्या जुलियार्ड या नामांकित कलाविद्यालयात चार वर्षं शिक्षण. १९९६ ला नाटककार ऑगस्ट विल्सन यांच्या 'सेव्हन गिटार्स'मधून ब्रॉडवेवर पहिलं पाऊल आणि टोनीचं नामांकन. २००१ ला विल्सन यांच्याच 'किंग हेडली द सेकंड'साठी टोनी पुरस्कार. म्हणजे रंगभूमीचा अमेरिकेतला सर्वोच्च मान मिळून सात वर्षं उलटली होती, आणि सिनेमात तरीही छोटीच कामं येत होती. त्या आठ मिनिटांमागे पदवीपासून मोजली तरी वीस वर्षं आहेत. तुमच्या दोन वर्षांच्या मुदतीत ती कुठे असती? जुलियार्डच्या सुरुवातीच्या वर्गात.

म्हणून ती मुदत मागे घ्या. दोन वर्षांत नाव करून दाखव, ही अट म्हणजे नापास करण्यासाठीच काढलेला पेपर आहे, आणि तो देणारी मुलगी त्या दोन वर्षांत शिकणार नाही, फक्त दिसायची धडपड करेल. मुदतच घालायची असेल तर ती पैशांची घाला. घरभाडं किती महिने भराल, आरोग्य विमा कोण भरेल, हे स्पष्ट सांगा. पालकांच्या विम्यात तिला सव्वीस वर्षांपर्यंत राहता येतं. त्यानंतर कलाकारांच्या युनियनचा विमा ठरावीक कमाई किंवा काम झाल्याशिवाय मिळत नाही, आणि केवळ तेवढ्यासाठी मिळेल ते काम धरणारे तिथे पुष्कळ आहेत. ही काळजी रास्त आहे. ती जरूर करा, तिच्यासमोर करा, आकडे मांडून करा.

गरिबीनं घडवलं, हे तुमचं म्हणणं मला मुळीच मान्य नाही. गरिबीनं डेव्हिसला उपाशी ठेवलं. तिनं आणि तिच्या बहिणींनी गावातल्या स्पर्धेत एक छोटं नाटुकलं बसवून बक्षीस जिंकलं, बक्षिसात प्लॅस्टिकची बॅट होती, आणि ती बॅट घरातले उंदीर मारायला वापरली गेली. यातून कुणी अभिनेत्री होत नाही. तिला घडवलं ते टीव्हीवर पाहिलेल्या सिसिली टायसन या कृष्णवर्णीय अभिनेत्रीनं, अपवर्ड बाउंड या गरीब मुलांसाठीच्या सरकारी योजनेनं, पाठीशी उभ्या राहिलेल्या शिक्षकांनी आणि परवडणाऱ्या कॉलेजनं. यातलं जवळजवळ सगळं तुमच्या मुलीला मिळू शकतं. तिच्याकडे भूक नाही म्हणून ती कमी पडेल, अशी भीती बाळगू नका.

मग मुलीत काही आहे का? अभिनय मी पाहिलेला नाही, त्यामुळे त्याबद्दल मत देणार नाही. पण तुम्ही जे अपयश म्हणून लिहिलंत, ते मला तिच्याबद्दलचं सर्वात आश्वासक वाक्य वाटलं. भूमिका मिळाली नाही तरी ती नाटक सोडून गेली नाही, अंधारात सामान हलवत राहिली. ज्यांना फक्त टाळ्या हव्या असतात ती मुलं पहिल्या नकारालाच दुसरा छंद शोधतात. तिला विचारा, त्या वेळी विंगेतून काय बघायचीस? उत्तरावरून तुम्हालाही बरंच कळेल. कदाचित तिचा ओढा प्रकाशयोजनेकडे असेल, दिग्दर्शनाकडे असेल, किंवा स्टेज मॅनेजरच्या कामाकडे. नाटक म्हणजे फक्त अभिनय नव्हे, हे अजून तिलाही कुणी सांगितलं नसेल.

प्रवेशाचं थोडक्यात सांगते. अभिनयाच्या बीएफएला, म्हणजे ललित कलेच्या पदवीला, ऑडिशन द्यावी लागते; बहुतेक ठिकाणी बारावीच्या सुरुवातीला व्हिडिओ पाठवायचा आणि निवड झाली तर जानेवारी-फेब्रुवारीत प्रत्यक्ष परीक्षा. तुमच्याच राज्यात रटगर्स या सरकारी विद्यापीठाच्या मेसन ग्रॉस कलाविद्यालयात अभिनयाचं बीएफए आहे, राज्यातल्या विद्यार्थ्यांच्या फीमध्ये. तेवढं एकमार्गी नको असेल तर नाटकाचं बीए आणि जोडीला दुसरा विषय घेता येतो. तो मानसशास्त्र असो की कम्प्युटर सायन्स, निवड तिची असावी. महागड्या खासगी कॉलेजसाठी मोठं कर्ज काढायला माझा ठाम विरोध आहे. कर्जाचे हप्ते डोक्यावर असलेल्या नटाला कमी पैशाचं चांगलं नाटक घेता येत नाही. पुढचं शिक्षण लागलंच तर येलच्या नाट्यविद्यालयात २०२१ पासून फी माफ आहे. तिथे निवड होणं अवघड, पण पैशांमुळे दार बंद नाही.

नर्सिंगबद्दल एकच ओळ: तो मन लावून करायचा पेशा आहे, रुसलेल्या मुलीला पाठवायची जागा नाही.

या आठवड्यात तिच्याशी बोला. "रंगाबद्दल मी जे बोललो ते चुकीचं होतं," एवढं सरळ वाक्य. त्याला "पण" जोडू नका. तिच्या आईनंही तेव्हा समोर असावं, कारण ती गप्प राहिली असेल तर मुलीनं तिचीही संमती धरली असेल. कॉलेजांची यादी, ऑडिशनसाठी कोणते उतारे निवडायचे, फीचं गणित, हे सगळं उन्हाळ्याच्या सुट्टीत बघू. त्यासाठीचं पुढचं पत्र मात्र तिनं मला लिहावं.