११ ए घेतलीय? आधी विमान कुठलं ते बघा

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. ऑक्टोबरअखेर, आईला घेऊन दिल्लीहून काठमांडू, हिमालय दिसावा म्हणून जादा पैसे भरून ११ ए ही खिडकीची सीट. मीही हेच केलं होतं, अगदी सीटच्या नंबरासकट.

बाजू तुम्ही बरोबर निवडलीय. जाताना डावी, येताना उजवी, त्यात वाद नाही. डोंगर उत्तरेला आणि ऊन पलीकडच्या बाजूने, म्हणजे डोळ्यावर तिरीपही येत नाही. माझा घोळ झाला तो सीटची रांग निवडण्यात.

बोईंग ७३७ च्या बऱ्याच विमानांत पंखाच्या जरा पुढे, डाव्या अंगाला, एका रांगेला खिडकीच नसते. एसीची हवा विमानाच्या पोटातून छताकडे नेणारी नळी तिथल्या भिंतीतून वर जाते, म्हणून तेवढी जागा बंद. सीट निवडायच्या चित्रात मात्र ती रुबाबात 'विंडो' म्हणून बसलेली असते, आणि पैसेही खिडकीचेच लागतात. आईकडून मी आठवडाभर धौलागिरी, अन्नपूर्णा अशी शिखरांची नावं पाठ करून घेतली होती. ती (तेव्हा ७१) बसली, पट्टा लावला, भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "अरे, हे उघडतं कुठून?" मागच्या रांगेची खिडकी मान पिरगाळली तर दिसत होती. तिथले गृहस्थ ती बंद करून काठमांडूपर्यंत घोरत होते. उठवायला हवं होतं. भिडेपोटी नाही उठवलं, त्याचा राग अजून स्वतःवरच आहे.

परत आल्यावर विमान कंपनीला मेल केला (नाव घेत नाही, उगाच इथे भांडणं नकोत). पहिलं उत्तर, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. दुसरं, सीट आपण स्वतःच निवडली होती. तिसरं तर फ्रेम करून लावण्यासारखं: विंडो सीट म्हणजे भिंतीलगतची सीट, बाहेरच्या दृश्याची हमी कंपनी देत नाही. फोन केला की दर वेळी नवा माणूस आणि पीएनआर पहिल्यापासून. दोन महिन्यांनी मीच नाद सोडला. प्रश्न पैशांचा नव्हता हो, "असं होतं, आमच्या चित्रात दाखवायला हवं होतं" एवढं कुणी म्हटलं असतं तरी पुरलं असतं. असो.

तर ११ ए सोडा. बुकिंगमध्ये विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो बघा. एअरबस ३२० असेल तर मला तरी अशी कोरी भिंत भेटलेली नाही, पण खिडक्या विमान बनवणारा ठरवतो आणि सीटांमधलं अंतर कंपनी, त्यामुळे अर्धी खिडकी वाट्याला येऊ शकते. मधल्या रांगा पंखात जातात. पंखाच्या लगेच मागेही नको, इंजिनाच्या गरम हवेने डोंगर थरथरताना दिसतात. मी स्वतः चोविसाव्या रांगेच्या आसपास किंवा मागे बसतो. उतरायला उशीर होतो, टॉयलेटची रांग डोक्याशी येते, ते सोसायचं. हे माझं मत, पुढच्या रांगांना जास्त पैसे मोजायची तयारी असेल तर जरूर मोजा.

विमान सकाळचं असेल तर उत्तम, दुपारी ढग चढतात. काठमांडूच्या आधी साधारण अर्धा-पाऊण तास डोळे उघडे ठेवा. पहिला एकटा, रुंद खांद्यांचा दिसतो तो धौलागिरी (८,१६७ मीटर). मग मोठी खिंड पडल्यासारखी दिसते, ती काली गंडकीची दरी. तिच्या पलीकडे अन्नपूर्णेची रांग, त्यात माशाच्या शेपटीसारखं टोक दिसलं तर ते माछापुच्छ्रे. पुढे मनास्लू. एव्हरेस्ट काठमांडूच्याही पूर्वेला आहे, त्याची आशा आईंना आत्ताच लावू नका.

फोटोसाठी फोन काचेला टेकवू नका, थरथर उतरते. कॅमेऱ्याला पोलरायझर (चकाकी कमी करणारी फिल्टरची काच) असेल तर काढून ठेवा, प्लॅस्टिकच्या खिडकीतून इंद्रधनुषी पट्टे येतात. आणि पुण्याहून निघत असाल तर लोहगाव विमानतळावर फोन खिशातच, तो हवाई दलाचा तळ आहे.

येताना आम्हाला २४ एफ मिळाली, पण विमान दुपारचं. ढगांवर धौलागिरीचा नुसता माथा. आईने तेवढ्यालाच हात जोडले आणि मग दिल्लीपर्यंत तिने खिडकी काही सोडली नाही.

हो, एक राहिलं. ऐनवेळी विमान बदलतात. वेब चेक-इन करताना प्रकार पुन्हा तपासा, सीटचा नंबर तोच राहतो आणि खिडकी गायब होते.