यादवांनी बांधलेली कमल बस्ती बेळगावच्या किल्ल्यात आहे, तर देवगिरीचे यादव आल्यावर बेळगाव भागातल्या लोकांचं आयुष्य खरंच बदललं का?

वरचा राजा बदलला आणि काही गावांत जमिनी कुणाच्या नावावर लागल्या ते बदललं, इतकं नक्की. पण तुम्ही प्रश्नात "यादवांनी बांधलेली कमल बस्ती" लिहिलंय ना, म्हणजे किल्ल्यातलं ते जैन मंदिर, तिथंच मी अडलो, कारण ह्याच वाक्यावरनं आमच्या घरात मोठं भांडण झालंय.

आमचे भावोजी पुण्याचे. दिवाळीला आले की सगळ्यांनी किल्ल्यात फिरायला जायचं हे ठरलेलं. बस्तीच्या छताला लोंबणारं ते दगडी कमळ दाखवून पोरांना सांगायला लागले, बघा, आपल्या यादवांचं काम, सेनापती बिच्चणानं बांधलंय. मी म्हटलं भावोजी, बस्ती 1204 ची, बांधणारा बीचिराज, तो यादवांच्या आधी इथं राज्य करणाऱ्या रट्ट घराण्याचा राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री, आणि तुमचा बिच्चण हा यादव राजा सिंघण याचा सेनापती, तो नंतर येऊन ह्याच रट्टांना बुडवून गेला, 1238 च्या ताम्रपटात तशी फुशारकी मारलीय त्याची. माणसं दोन, धनी दोन, मधे पिढीभराचं अंतर. ऐकतायत कुठले! ताईसमोर मला म्हणाले, "कर्नाटकात राहून तू त्यांच्यासारखंच बोलायला लागलास." हे फार लागलं मला. सीमाप्रश्नात माझ्या वडिलांनी लाठ्या खाल्ल्यात, आणि ह्यांनी पुण्यात बसून मला मराठीपण शिकवायचं?

बरं, बदलाचं. बस्तीचे शिलालेख आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, कन्नडमध्ये, त्यात लाट म्हणजे गुजरातकडचे आणि मलबारचे व्यापारी इथल्या व्यापाऱ्यांसोबत बसून बस्तीसाठी मालावर कर लावून देतात. म्हणजे बाजारपेठ यादवांच्या आधीच भरभराटीला आलेली होती. यादव आल्यावर 1249 चा बागेवाडीचा ताम्रपट बघा, यादव राजा कृष्ण याच्या संमतीनं बिच्चणाचा थोरला भाऊ मल्लिसेट्टी 32 ब्राह्मणांना जमिनी देतो, आणि त्यात पटवर्धन, घैसास, पाठक अशी आडनावं आहेत! हा खरा सामाजिक बदल. भावोजींनी हे पुढं केलं असतं तर मी मान डोलावली असती की.

पण ह्याच यादवांचे इकडचे कितीतरी लेख कन्नडमध्ये आहेत, म्हणून आमच्या ऑफिसातला एक कन्नड मित्र म्हणतो यादव आमचेच. माझ्या मते दोघंही चूक. कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक म्हणून वर आलेलं घराणं ते, ज्या मुलखात राज्य, तिथल्या भाषेत लेख कोरून घ्यायचे. सीमाभाग मराठी आहे तो आज इथं राहणाऱ्या आमच्यामुळं, 1956 ला आमच्यावर अन्याय झाला हे म्हणायला मला देवगिरीच्या राजाची साक्ष लागत नाही.

एक मात्र आहे, ताम्रपट काय नि शिलालेख काय, सगळे दान देणाऱ्या-घेणाऱ्यांचे, शेतात राबणाऱ्या कुळाचं काय झालं ते त्यातनं कळत नाही, म्हणून तुमच्या "लोकांचं आयुष्य" ह्या भागाचं उत्तर माझ्याकडनं अर्धंच समजा. आणि सामान्य माणसाचं जगणं ढवळलं ते बसवण्णांनी, बाराव्या शतकात कल्याणला (म्हणजे आताचं बिदरकडचं बसवकल्याण), तेव्हा यादव इथं यायचेच होते.

बस्ती बघून झाली की खानापूर तालुक्यात हलशीला जा, भूवराह नरसिंहाचं देऊळ बघा, ते गोव्याच्या कदंबांचं, तेही यादवांच्या आधीचं. तिथं कुणी यादवांचं म्हणून सांगितलं तर तिथल्या तिथं अडवा, पाहुणे असले तरी.