विषयाला क्रियापद हवं

प्रिय मित्रा,

अभ्यासमंडळाच्या चर्चेसाठी तू ठरवलेला विषय वाचला: 'इस्लाम आणि दहशतवाद'. ही नुसती दोन नामं झाली, आणि मधल्या 'आणि'नं निकाल आधीच लावून टाकला आहे. अशा विषयावर माणसं विचार करत नाहीत, बाजू घेतात. विषयाला क्रियापद दे. उदाहरणार्थ, 'तोंडी तिहेरी तलाक फौजदारी गुन्हा ठरवणं योग्य होतं का?' सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी तो तलाक रद्द केला, २०१९ च्या कायद्यानं त्याला शिक्षा जोडली. रद्द करणं बरोबर, पण नवऱ्याला तुरुंगात टाकणं चूक, असं म्हणणारेही आहेत. इथे मुसलमान मुसलमानाशी भांडू शकतो आणि हिंदू हिंदूशी. खोलीची धर्मावरून फाळणी होत नाही, हा मोठाच फायदा.

चर्चा सुरू झाली की प्रत्येक वाक्याचा कर्ता पकड. 'बुरख्याची सक्ती नको' ही प्रथेवरची टीका आहे. ती करायला कोणाचीही परवानगी लागत नाही. 'लष्कर-ए-तय्यबानं मुंबईत १६६ माणसं मारली' हे एका संघटनेबद्दलचं विधान आहे. 'यांना घर भाड्यानं देऊ नये' हा आकस. तीन वाक्यं, तीन जाती. गडबड होते ती एकातून दुसऱ्यात घसरताना, आणि मराठीत ही घसरण बहुतेक वेळा सर्वनामावरून होते: 'ते', 'ही माणसं', 'तुमच्यात'. तिथे आवाज न चढवता एवढंच विचार, 'ते म्हणजे नेमके कोण?' २६/११ नंतर मुंबईच्या बडा कब्रस्तानच्या विश्वस्तांनी नऊ हल्लेखोरांची प्रेतं दफन करायला नकार दिला होता. मारणारे आणि जागा नाकारणारे एकाच 'ते'मध्ये मावत नाहीत.

मात्र 'ही तर मुस्लिमद्वेषाची भाषा' असा शिक्का तूही घाईनं मारू नकोस. शिक्का माणसाला लागतो आणि वाक्य तपासायचं राहूनच जातं.

ग्रंथातली वचनं येणारच. नियम सोपा ठेव: एक आयत वाचणाऱ्यानं तिच्या आधीची आणि नंतरचीही वाचायची. कुराणाच्या नवव्या अध्यायातली पाचवी आयत, 'अनेकेश्वरवाद्यांना सापडतील तिथे मारा', हमखास फेकली जाते. चौथी आयत म्हणते, ज्यांनी करार मोडला नाही त्यांच्याशी केलेला करार मुदतीपर्यंत पाळा. सहावी म्हणते, त्यांच्यातल्या कोणी आश्रय मागितला तर द्या आणि त्याला सुरक्षित जागी पोहोचवा. द्वेष करणारा आणि जहाल प्रचारक, दोघंही नेमके हे दोन शेजारी कापतात. पण बचाव करणारेही कात्री वापरतात, हे विसरू नकोस. 'एकाला मारणं म्हणजे साऱ्या मानवजातीला मारणं' हे पाचव्या अध्यायातलं बत्तिसावं वचन सांगताना त्यातला अपवाद गाळला जातो, आणि लगेच पुढच्या आयतीतल्या कठोर शिक्षाही. अडचणीची ओळ आपणच आधी वाचून दाखवली, तर समोरच्याच्या हातात काही उरत नाही.

लोकसंख्येचा मुद्दा निघाला तर आकडे जवळ असू देत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १९९२-९३ मध्ये मुस्लिम स्त्रीमागे सरासरी ४.४१ मुलं होती, हिंदू स्त्रीमागे ३.३०. २०१९-२१ मध्ये हेच आकडे २.३६ आणि १.९४. फरक आहे, नाकारू नकोस. तो घटतो आहे, तेही सांग. चार बायकांच्या हिशेबाला तर साधं अंकगणित पुरतं. २०११ च्या जनगणनेत हजार मुस्लिम पुरुषांमागे ९५१ मुस्लिम स्त्रिया. एकानं चौघींशी लग्न केलं तर तीन पुरुष बिनलग्नाचे राहणार. मुलं किती होणार, ते स्त्रियांच्या संख्येवर ठरतं.

अटक, आरोप आणि दोषसिद्धी हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू देऊ नकोस. मालेगावच्या २००६ च्या स्फोटांत पकडलेले मुस्लिम आरोपी २०१६ मध्ये आरोपमुक्त झाले. २००८ च्या मालेगाव स्फोट खटल्यातले सातही हिंदू आरोपी २०२५ मध्ये पुराव्याअभावी निर्दोष सुटले. ज्याला पहिलं वाक्य आवडलं, त्यानं दुसरंही तितक्याच शांतपणे लिहून घ्यायचं. आणि उलटही.

हमीद दलवाईंचं नाव कोणीतरी काढेल. १९६६ मध्ये सात मुस्लिम महिलांचा मोर्चा विधानभवनावर नेणारा आणि १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन करणारा हा माणूस आपल्या समाजाशी आतून भांडला. त्यांचा वापर 'बघा, तुमचाच माणूस काय म्हणतो' असा दंडुक्यासारखा होतो, तेव्हा त्यांनी हिंदू जातीयवादालाही विरोध केला होता याची आठवण दे. तसंच दलवाईंचं नाव निघताच कोणी तोंड फिरवलं, तर त्यालाही विचार: आतून केलेली टीका नको आणि बाहेरूनही नको, मग टीका करायची कोणी?

आता मांडणी. दहा-बारा जण पुरेत. वीस झाले की भाषणं सुरू होतात. दीड तास, एका वेळी तीन मिनिटं. उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत सांगायचं, आणि तो 'हो, हेच' म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. सुरुवातीला हे कंटाळवाणं वाटेल. पण 'मग तेव्हा कुठे होतात?' हा प्रश्न याच नियमानं आपोआप गळतो, कारण तो विचारणाऱ्यानं आधीचा मुद्दा ऐकलेलाच नसतो. सीरियाचा जाब मुंब्र्याला आणि बांगलादेशाचा भिवंडीला विचारला जाऊ लागला, तर फळ्यावर लिहिलेल्या विषयाकडे फक्त बोट दाखव.

तुमच्या मंडळात एकच मुस्लिम मुलगी आहे असं तू लिहिलं आहेस. 'तुमच्या समाजाचं काय मत?' हा प्रश्न तिला कोणी विचारणार नाही, हे आधीच सगळ्यांना सांगून ठेव. गटातल्या मुलांना आपण हिंदू समाजाचं मत विचारत नाही. अध्यक्षही तिला करू नकोस; तो मान वाटतो, पण त्यानं तिचं तोंड बंद होतं.

आणि वेळ बदल. शुक्रवारी दुपारी दीड ही जुम्म्याच्या नमाजाची वेळ आहे. बाहेरचे दोघे-तिघे मुस्लिम विद्यार्थी यावेत असं तुला वाटतं ना, मग गुरुवारी घे.

तुझा,
एक जुना वाचक