टिल्ट-शिफ्ट घेऊ का? आधी टिल्ट हवंय की शिफ्ट ते ठरवा

या वेळी सगळे प्रश्न एकाच लेन्सचे, टिल्ट-शिफ्टचे आलेत म्हणून एकत्रच घेतो. टिल्ट म्हणजे कॅमेऱ्यावरची लेन्स वाकवणं, शिफ्ट म्हणजे ती वर-खाली किंवा बाजूला सरकवणं. नुसतं "घेऊ का" विचारणाऱ्यांनी पहिली दोन उत्तरं वाचली तरी काम होईल.

प्रश्न (डोंबिवली) : सर, महालक्ष्मीच्या पुलावरून धोबीघाटाचे फोटो काढतो. ते खेळण्यातल्या गावासारखे दिसायला हवेत, त्यासाठी टिल्ट-शिफ्ट घ्यायचीये, पैसे साठवलेत. कुठली घेऊ?

नका घेऊ. एवढ्यासाठी तर अजिबात नका.

छोटी वस्तू अगदी जवळून काढली की फोकसची पट्टी बारीक येते आणि पुढचं-मागचं धूसर होतं, हे आपल्या डोळ्याला सवयीचं आहे, त्यामुळे वरून काढलेल्या फोटोत वर आणि खाली तसाच ब्लर दिसला की डोळा फसतो आणि अख्खा धोबीघाट टेबलावर मांडल्यासारखा वाटतो. हा ब्लर टिल्ट लेन्सने येतो तसाच फोटोशॉपमधल्या टिल्ट-शिफ्ट ब्लरनेही येतो, फोनच्या अ‍ॅपनेही येतो. सॉफ्टवेअरने केलं की उंच गोष्टींचे शेंडे उगाच धूसर होतात अशी तक्रार असते, पण खऱ्या लेन्सनेही ते होतातच की!

फसवण्याचं खरं काम जागा आणि ऊन करतं. तुमची जागा झकास आहे, सरळ खाली बघता येतं. दगडी हौद आणि वाळत घातलेल्या चादरींच्या रांगा एवढंच फ्रेममध्ये ठेवा, मागचे टॉवर आणि आकाश कापा, कडक उन्हात काढा आणि नंतर रंग थोडे भडक करा. कपडे आपटणारा एखादा माणूस मधल्या फोकसच्या पट्टीत आला की झालं. हे दहा-पंधरा फोटोंवर करून बघा. मलबार हिलला म्हातारीच्या बुटाजवळून मरीन ड्राइव्ह दिसतो तिथेही जमतं. साठवलेले पैसे राहू देत, लाखाच्या बऱ्यापैकी वरचा खर्च आहे हा.

प्रश्न (गिरगाव) : फोर्टातल्या जुन्या बिल्डिंगा काढायचा नाद आहे. लाइटरूममध्ये (फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) रेषा सरळ होतात, मग शिफ्टला एवढे पैसे का द्यायचे?

हा खरा प्रश्न आहे, आणि याचं उत्तर तुम्ही फोटो कुठे वापरता त्यावर आहे.

आपण काय करतो, सीएसएमटीसमोर उभं राहतो, घुमट मावत नाही म्हणून कॅमेरा वर करतो, आणि बिल्डिंग मागे कलंडल्यासारखी दिसते. शिफ्टमध्ये कॅमेरा सरळच राहतो, फक्त लेन्स वर सरकते. कॅननच्या २४ एमएम टिल्ट-शिफ्टच्या दुसऱ्या व्हर्जनला १२ मिलिमीटर सरकता येतं आणि फुल फ्रेम (जुन्या फिल्मच्या फ्रेमएवढ्या) सेन्सरची उंची २४ मिलिमीटर, म्हणजे आडव्या फ्रेममध्ये मधोमध असलेलं क्षितिज थेट खालच्या कडेवर जाऊन बसतं! समोरचा अर्धा फ्रेम रस्ता, बस, टॅक्स्या सगळं गेलं आणि तेवढीच बिल्डिंग वर आत आली.

लाइटरूम हेच काम फोटोचा वरचा भाग ताणून करतं. बाजू कापल्या जातात आणि सगळ्यात बारीक नक्षी जिथे आहे तिथलेच पिक्सेल ताणले जातात. इन्स्टावर कोणाला कळणार नाही. पण दोन-तीन फुटांची प्रिंट काढणार असाल किंवा आर्किटेक्टची कामं घेत असाल तर फरक दिसतो, आणि कुठे काय कापलं जाईल हे जागेवरच दिसतं हा मला स्वतःला त्याहून मोठा फायदा वाटतो.

पण प्रत्येक बिल्डिंगला शिफ्ट लागत नाही हो. राजाबाई टॉवर २८० फुटांचा आहे, तरी ओव्हल मैदानाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन २४ एमएमने उभी फ्रेम घ्या, कॅमेरा एकदम लेव्हलमध्ये ठेवा, अख्खा टॉवर येतो, खालचं गवत कापून टाका. शिफ्ट लागते ती मागे सरकायला जागाच नसते तिथे, आणि फोर्टात बहुतेक ठिकाणी नसतेच. अजून एक, फार जवळून पूर्ण सरळ केलेला टॉवर डोक्याकडे जड दिसतो, म्हणून मी किंचित कल राहू देतो.

तुम्हाला फक्त शिफ्टच हवी असेल तर लाओवा कंपनीच्या १५ आणि २० एमएम शिफ्ट लेन्सही बघा, त्यात टिल्ट नाही. निकॉनने १९६२ मध्ये ३५ एमएमची पहिली काढली तीही फक्त शिफ्टच होती. टिल्ट आणि शिफ्ट दोन्ही असलेली कॅननने १९७३ मध्ये आणली.

प्रश्न (ठाणे) : मी घरून जेवणाच्या ऑर्डर घेते. मोदकांचं ताट तिरकं काढलं की पुढचे शार्प, मागचे ब्लर. लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) बारीक करून एफ १६ केलं तर अंधार. टिल्टचा उपयोग होईल का?

ताई, इतक्या प्रश्नांत टिल्टची खरी गरज मला तुमचीच दिसली.

साध्या लेन्समध्ये फोकसचा पडदा सेन्सरला समांतर उभा असतो. लेन्स वाकवली की तो पडदा बिजागरीवर फिरल्यासारखा आडवा होतो आणि तुमच्या ताटावर झोपवता येतो. ऑस्ट्रियाच्या लष्करातल्या थिओडोर शाइम्पफ्लुगने १९०४ मध्ये याचं पेटंट घेतलं, हवेतून काढलेले वाकडे फोटो सरळ करायला, आणि आपण ते मोदकांना वापरतोय.

९० एमएमच्या आसपासची टिल्ट लेन्स घ्या, पण विकत नाही, भाड्याने. कॅमेरा ट्रायपॉडवर, स्क्रीनवर झूम करा. पुढच्या मोदकावर रिंगने फोकस, मग मागच्या मोदकावर टिल्टने, परत पुढचा, परत मागचा, दोन-तीन फेऱ्यांत दोन्ही जुळतात. एफ ५.६ किंवा ८ पुरेल. पडदा मोदकांच्या कमरेतून जाऊ द्या, कारण शार्प भाग पाचरीसारखा असतो, कॅमेऱ्याजवळ पातळ आणि लांब गेला की जाड. म्हणून पुढे ताकाचा उंच ग्लास ठेवलात तर त्याचा वरचा काठ ब्लर होणार, तो मागे ठेवा.

फोकस बदलत चार-पाच फोटो काढून जोडायचा मार्ग फुकट आहे, आधी तो करून बघा. गरम मोदकांची वाफ मात्र प्रत्येक फोटोत हलते आणि जोड दिसतो.

लँडस्केपवाल्यांनाही इथेच सांगतो, २४ एमएमने डोळ्याच्या उंचीवरून सपाट जमीन शार्प करायला जेमतेम १ अंश टिल्ट लागतं. लोकं सुरुवातीलाच ८ अंश फिरवतात आणि म्हणतात लेन्स खराब आहे.

प्रश्न (कल्याण) : माझी बॉडी क्रॉप सेन्सरची (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरची) आहे, टिल्ट-शिफ्ट चालेल?

चालेल, पण कॅननच्या क्रॉपवर २४ एमएम साधारण ३८ सारखी दिसते, बिल्डिंगांसाठी अरुंद पडते. काही बॉडींवर फ्लॅशचा उंचवटा लेन्सच्या नॉबला अडतो, तेवढं लावून बघा.

प्रश्न (वसई) : पोर्ट्रेटमध्ये फक्त डोळे शार्प आणि बाकी विरघळल्यासारखं हवंय, बजेट कमी.

मग शिफ्टचे पैसे कशाला भरताय? टीटीआर्टिझनची ५० एमएम एफ १.४ टिल्ट बघा, नुसतं टिल्ट आहे, कॅननपेक्षा कितीतरी स्वस्त. लेन्सबेबी कंपनीच्या वाकणाऱ्या लेन्सही आहेत. मिररलेस असेल तर जुनी मॅन्युअल लेन्स टिल्ट अ‍ॅडॉप्टरवर लावता येते. आणि अगदीच फुकटात करायचं तर ५० एमएम बॉडीपासून सोडवून हाताने किंचित तिरकी धरा, फक्त निकॉनची जी सिरीजची लेन्स काढली की अ‍ॅपर्चर अगदी बारीक होऊन बसतं, त्याला अ‍ॅपर्चर रिंगवाली जुनी लागेल. हे घरात करा, चौपाटीवर नको, सेन्सर उघडा असतो आणि खारा वारा आत जातो.

प्रश्न (दादर) : बोरा बझारला सेकंडहँड कॅनन २४ एमएम टीएस-ई (कॅननची टिल्ट-शिफ्ट) मिळतेय, पहिलं व्हर्जन, स्वस्तात. घ्यावी?

दुसऱ्या व्हर्जनचे पैसे जमत असतील तर थांबा. २००९ च्या दुसऱ्या व्हर्जनमध्ये टिल्ट आणि शिफ्टच्या दिशा तुम्ही जागेवर वेगवेगळ्या फिरवू शकता, पहिल्यात त्या एकमेकींना काटकोनात बसवलेल्या आहेत आणि बदलायला स्क्रू काढावे लागतात. नुसत्या बिल्डिंगाच काढणार असाल तर पहिलीही वाईट नाही, कोपरे थोडे मऊ येतात एवढंच.

दुकानात पूर्ण शिफ्ट देऊन लॉक करा आणि कॅमेरा उभा-आडवा हलवा, लेन्स स्वतःहून घसरली तर ठेवून द्या. टिल्ट शून्यावर ठेवून समोरच्या दुकानाची पाटी काढा, डावं-उजवं सारखं शार्प नसेल तर आत काहीतरी वाकलंय. टॉर्च मारून बुरशी बघा, मागून आणि पुढून दोन्हीकडून. ऑटोफोकस नाहीच, तो कुठल्याच टीएस-ईला नाही, त्यामुळे दुकानदार "बिघडलाय म्हणून स्वस्त" म्हणाला तर हसून घ्या. डीएसएलआर असेल तर एक्स्पोजर शिफ्ट द्यायच्या आधी मोजा, नंतर कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर चुकतं.

आणि पावसाळ्यात जपा. लेन्सचे भाग एकमेकांवर सरकतात म्हणजे फटी आल्या, आपल्या हवेत जून ते सप्टेंबर ती नुसती बॅगेत पडून राहिली तर बुरशी धरणारच. ड्राय कॅबिनेट ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा, नाहीतर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घाला आणि ते ओलं झालं की बदला.