बातमी निघून गेल्यानंतर

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद. तुझी वही आणि तिच्यासोबतचे पत्र मिळाले. चित्रांची पाने खिडकीतल्या उजेडात धरून पाहिली आणि लेख हातात पेन्सिल न घेता वाचले, म्हणजे चुका शोधण्याचा मोह होऊ नये. तू विचारले आहेस की रोजचे जगणे, कलेविषयीचे विचार आणि आजूबाजूच्या बातम्या हे तिन्ही एकाच वहीत लिहावे की त्यांच्यासाठी वेगवेगळ्या वह्या कराव्यात. एकच वही ठेव, असे माझे सांगणे आहे. मात्र या वहीत बातमीने फार जागा व्यापली आहे. शिवाय बातमी ज्या क्रमाने आणि ज्या शब्दांत तुझ्यापर्यंत पोहोचते, त्याच क्रमाने आणि बहुतेक त्याच शब्दांत ती तुझ्या वहीत उतरते, याची मला काळजी वाटते. म्हणून हे पत्र थोडे लांबणार आहे.

चपलेवरच्या तुझ्या लेखापासून सुरुवात करते, कारण वहीतला सर्वांत पोटतिडकीचा लेख तोच आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन सोहळ्यात प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरी चपलेसारखी पादत्राणे मांडली आणि ती मूळ कुठली याचा उल्लेख केला नाही, तेव्हा आपल्या साऱ्या जिल्ह्याला राग आला. पुढे कंपनीने ही प्रेरणा भारतीय पादत्राणांची असल्याचे मान्य केले आणि तिची माणसे कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटूनही गेली. हे सगळे तू नीट मांडले आहेस. २०१९ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन, त्यात असलेले महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे, हेही तू अचूक दिले आहेस. पण लेख वाचून संपला तरी त्यात मला चप्पल कुठे दिसली नाही. तिचा रंग नाही, वास नाही, नवी चप्पल पायात घालून चालताना येणारा करकर आवाज नाही. हा लेख दिल्लीत किंवा नागपुरात बसून कोणालाही लिहिता आला असता, आणि तू तर चपलांच्या दुकानांच्या चप्पल लाईनवरून रोज जातेस.

सुभाषनगरात जाऊन कारागिराच्या शेजारी बस. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेल्या कातड्याला जो तुरट वास असतो, तो एकदा नाकात बसला की कारखान्यातले रसायनाने कमावलेले कातडे लगेच वेगळे ओळखता येते. तळाचे कातडे भिजवून ठोकतात, थरावर थर ठेवतात आणि कातड्याच्याच बारीक वादीने शिवतात. जुन्या पद्धतीच्या चपलेत खिळा शोधून सापडत नाही. दोन्ही बाजूंचे कान तळाच्या थरांमध्ये धरलेले असतात आणि पट्टा त्या कानांना जोडलेला असतो. ही रचना डोळ्यांनी पाहून समजल्यासारखी वाटते, पण कागदावर काढायला घेतली की हात अडतो, आणि तो नेमका कुठे अडला तेच आपल्याला ठाऊक नव्हते हे कळते. म्हणून आधी चित्र काढ आणि मग लिही, असा माझा आग्रह आहे. चित्र सुंदर होण्याची गरज नाही. वेणी कशी गुंफली आहे आणि गोंडा कुठे अडकवला आहे, एवढे त्यातून कळले तरी पुरे.

तिथे बसलीस की तुझा राग कमी होईल असे मला म्हणायचे नाही, आणि तो कमी व्हावा अशी माझी इच्छाही नाही. राग कोणावर, कशासाठी आणि कोणाच्या वतीने आहे, हे मात्र अधिक नेमके होईल. कारागिराला मिलानचे जितके वाटते त्याहून जास्त कदाचित जोडामागे मिळणाऱ्या मजुरीचे वाटत असेल, किंवा रेक्झीनचा नकली जोड त्याच्याच चपलेच्या नावाने शेजारच्या दुकानात निम्म्या भावात विकला जातो त्याचे. २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवर बंदी आली, त्यानंतर कातडे मिळवण्याचे गणित कसे बदलले, हे त्याच्याकडूनच ऐकले पाहिजे. हे प्रश्न त्याला विचार आणि उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून घे. त्याचा कामाचा वेळ तू घेणार आहेस, म्हणून एक जोड विकत घे किंवा निदान तो मोकळा असेल तेव्हा जा, एवढे भान ठेव.

केशवराव भोसले नाट्यगृहाच्या आगीचे तुझे चित्र मी बराच वेळ पाहत होते. ८ ऑगस्ट २०२४ ची ती रात्र आणि दुसऱ्या दिवशी ज्यांचे नाव त्या नाट्यगृहाला आहे त्या गायक-नट केशवरावांची जयंती, या योगाने सगळ्या गावाचा जीव कळवळला होता. तुझे चित्र उभे, अरुंद आणि लांबट आहे. ज्वाळा वर आणि खाली काळोखात माणसांची डोकी. हा आकार फोनचा आहे. त्या रात्री प्रत्येकाच्या हातात जी चित्रफीत फिरत होती तिचीच चौकट तुझ्या कागदावर आली आहे, आणि त्या नाट्यगृहात तू लहानपणापासून बसत आलीस ते सगळे बाहेर राहिले आहे. शाहू महाराजांनी बांधलेली आणि १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभी राहिलेली ही वास्तू तुला आतून माहीत आहे. कोणत्या रांगेतून रंगमंच नीट दिसत असे, मध्यंतरात लोक कोणत्या दाराने बाहेर पडत, तिसरी घंटा झाली की प्रेक्षागृहातली कुजबुज कशी थांबे, हे तुझ्याकडे आहे आणि त्या चित्रफितीकडे नाही. पडदा ओढणारे, प्रकाशयोजनेच्या खांबांवर चढणारे, प्रयोगानंतर नेपथ्य टेम्पोत भरणारे लोक आजही गावात आहेत. जळालेल्या इमारतीविषयी त्यांच्याशी बोलून तू लिहिलेस, तर इमारत पुन्हा उभी राहिल्यावरही ते लेखन वाचावेसे वाटेल.

पुराविषयी थोडे अधिक लिहिते, कारण आपल्या गावाला बातमीची खरी ओळख पुरानेच करून दिली आहे. पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांवर गेले की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर धोका पातळी, हे आपल्याकडे शाळेतल्या मुलालाही पाठ असते. जुलै-ऑगस्टमध्ये भाजीवालीपासून बँकेतल्या साहेबांपर्यंत सगळे एकमेकांना पाणी किती फुटांवर आहे एवढेच विचारतात. २०१९ मध्ये महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला, गावाचा संपर्क तुटला, तेव्हा देशभरातून कॅमेरे आले, आणि पाणी उतरताच ते परतले. तुझे २०२१ च्या पुराचे पान वाचले. तेव्हा तू लहान होतीस, तरी पाणी चढत असतानाचे वर्णन चांगले केले आहेस. ते पान पाणी उतरण्यापाशी संपते, आणि माझ्या मते ते तिथूनच सुरू व्हायला हवे होते.

शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत जा. पूर येतो तो नेमका गणपतीच्या आधीच्या आठवड्यांत, जेव्हा मूर्ती तयार होऊन रंगाची वाट पाहत ओळीने मांडलेल्या असतात. शाडूची मूर्ती भट्टीत भाजलेली नसते. तिला पाणी लागले की ती पुन्हा माती होते. पाणी गल्लीत शिरू लागले की घरातली माणसे आधी मूर्ती माळ्यावर, फळ्यांवर, ओळखीच्यांच्या वरच्या मजल्यावर हलवतात आणि मग भांडीकुंडी. पाणी उतरल्यावर भिंतीवर उरलेली गाळाची रेघ, ब्लीचिंग पावडरचा वास, रस्त्यावर वाळत घातलेल्या गाद्या आणि उसवलेल्या हिशेबाच्या वह्या या सगळ्यांच्या मध्येच रंगकाम पुन्हा सुरू होते, कारण चतुर्थीची तारीख पुढे ढकलता येत नाही. ओल राहिलेल्या मूर्तीवर रंग नीट धरत नाही. डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी होते आणि ती बहुधा घरातल्या जाणत्या हाताकडे असते. तो हात त्या दिवसांत कसा चालतो, ते पाहायला आणि लिहायला कोणीही थांबत नाही. तू थांब, कारण तू इथलीच आहेस आणि पूर ओसरल्यावरही इथेच राहणार आहेस. पूरग्रस्त माणसाचा फोटो मात्र त्याला विचारल्याशिवाय काढू नकोस. घरातले सगळे सामान रस्त्यावर आलेल्या माणसाला आणखी उघड्यावर आणू नये.

तुझ्या पत्रातले एक वाक्य मला खटकले. रोजच्या जगण्यात लिहिण्यासारखे काही घडत नाही, म्हणून बातम्यांवर लिहिते, असे तू म्हटले आहेस. ज्या गावात राहून तू हे लिहिलेस, त्याच गावात चित्रकार आबालाल रहिमान राहत होते. मुंबईला जे. जे. कलाशाळेत शिकून ते परत आले आणि कोटितीर्थ तलावाच्या काठी राहून तेच पाणी, तीच झाडे, तोच काठ वेगवेगळ्या वेळच्या प्रकाशात रंगवत राहिले. १९३१ मध्ये ते गेले. आज कोटितीर्थ बातमीत येते ते पाण्याच्या प्रदूषणामुळे, आणि ते पाणी एके काळी कसे होते हे पाहायचे तर त्यांच्या चित्रांकडेच जावे लागते. बाबूराव पेंटरांचेही तसेच. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता ते चित्रपटाकडे वळले, आणि पौराणिक चित्रपटांना गर्दी होत असताना १९२५ मध्ये त्यांनी ‘सावकारी पाश’ केला. कर्जापायी शेतकऱ्याची जमीन जाणे आणि त्याने शहरात येऊन गिरणीत राबणे ही तेव्हा इतकी नेहमीची गोष्ट होती की कोणत्याही वर्तमानपत्राला ती पहिल्या पानावर छापावीशी वाटली नसती.

याचा अर्थ सार्वजनिक घडामोडींपासून दूर राहा, असा काढू नकोस. माधवराव बागल चित्रकार होते, चित्रकारांविषयी लिहीत होते, आणि संस्थानातल्या प्रजेच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या प्रजापरिषदेच्या लढ्यातही उतरले होते. ९ डिसेंबर १९५० रोजी बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे उभे राहिले ते त्यांच्या पुढाकाराने, आणि बाबासाहेब तेव्हा हयात होते. त्या चौकातून तू कॉलेजला जातेस. एकदा बस चुकली तरी चालेल, पण थांबून ते पुतळे नीट पाहा, आणि तिथे कोणती माणसे कोणत्या दिवशी हार घेऊन येतात ते लिहून ठेव. कला, रोजचे जगणे आणि सार्वजनिक घटना वेगळ्या वह्यांत का घालू नयेत, हे मला त्या चौकाइतक्या स्पष्टपणे सांगता येणार नाही.

आता वहीविषयी काही व्यवहाराचे. मोठी बातमी येईल त्या दिवशी तुझे मत लिहू नकोस. त्या दिवशी तू स्वतः काय पाहिलेस, कोणाच्या तोंडून काय ऐकलेस, एवढेच तारखेसह टिपून ठेव, कारण दोन दिवसांत इतरांनी काढलेले फोटो आणि इतरांची वाक्ये तुझ्या आठवणीत मिसळून जातात आणि नंतर ती वेगळी काढता येत नाहीत. पुढची दोन पाने कोरी सोड. महिन्याभराने त्या जागी परत जा आणि मग त्या कोऱ्या पानांवर लिही. तोवर तुझे मत बदलले असेल तर बदललेले लिही. ज्या दिवशी काहीच घडत नाही त्या दिवशीही एक पान झालेच पाहिजे. संध्याकाळी गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर गवळी समोर म्हशीची धार काढून ग्लास पुढे करतो, तेव्हा फेस काठाच्या वर किती येतो आणि गिऱ्हाईक तो फेस खाली बसेपर्यंत थांबते की तसाच ओठाला लावते, एवढे लिहिले तरी त्या दिवसाचे पान भरते. असे वर्षभर केलेस की बातमीवर लिहितानाही तुझा हात आपोआप वस्तूकडे आणि माणसाकडे जाईल.

कुंभार गल्लीत गणपतीच्या आधी जाऊन कोणाला प्रश्न विचारू नकोस, तेव्हा कोणालाही मान वर करायला सवड नसते. त्या दिवसांत फक्त पाहा, आणि बोलायला दिवाळीनंतर जा. सुभाषनगरात मात्र या आठवड्यातच जाऊन ये. वही पोस्टाने पाठवू नकोस, पावसाचे दिवस आहेत. पुढच्या रविवारी दुपारी चारनंतर घरी घेऊन ये, चपलेचे चित्र अर्धवट असले तरी चालेल. कान आणि तळ जिथे जुळतात तिथे हात अडला असेल, तर आपण एक जोड समोर ठेवून दोघी मिळून काढू.

तुझ्या आईबाबांना नमस्कार.

तुझ्या चित्रकलेच्या बाई
कोल्हापूर