जांभळा नातू, हिरवे जावई

प्रश्न : माझी मुलगी मिनियापोलिसला असते. बारा वर्षांचा नातू जांभळी जर्सी घालून व्हिडिओ कॉलवर येतो आणि 'आज्जी, आमची डिव्हिजन सगळ्यात भारी!' म्हणतो. जावई विस्कॉन्सिनला शिकलेले, ते हिरव्या टीमचे. रविवार आला की बापलेकांचं वाजतंच. ही डिव्हिजन म्हणजे शाळेतल्या तुकडीसारखी असते का? (एक आजी, सोलापूर)

उत्तर : तुकडीच म्हणा, आजी, पण या तुकडीत कुणी नापास होऊन खाली जात नाही आणि कुणी वर चढत नाही. अमेरिकी फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये ३२ टीम आहेत, चारचारच्या आठ डिव्हिजन. तुमच्या नातवाची ती एनएफसी नॉर्थ (एनएफसी म्हणजे लीगचा एक अर्धा भाग). शिकागो बेअर्स, डेट्रॉइट लायन्स, विस्कॉन्सिनचे हिरवे ग्रीन बे पॅकर्स आणि जांभळ्या जर्सीचे मिनेसोटा व्हायकिंग्ज. मोसमात १७ सामने, त्यातले सहा डिव्हिजनमधल्या उरलेल्या तिघांशी, एकदा आपल्या घरी नि एकदा त्यांच्या. वर्षानुवर्षं तीच तोंडं, म्हणून तर वैर मुरतं.

मी विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकीत सव्वीस वर्षं नोकरी केली, म्हणजे मी तुमच्या जावयांच्या पक्षाचा. पुढे कुठे झुकतं माप दिसलं तर सांभाळून घ्या.

यातल्या दोन टीम चक्क कारखान्यांच्या पदराखाली वाढल्या. सोलापूरच्या एखाद्या गिरणीने कामगारांची टीम काढावी, तसंच. १९१९ साली ग्रीन बेच्या कर्ली लॅम्बोने आपल्या कंपनीकडून जर्सींसाठी ५०० डॉलर मिळवले. कंपनी मांस डबाबंद करणारी, नाव इंडियन पॅकिंग कंपनी (हे 'इंडियन' आपले नव्हेत), म्हणून पॅकर्स. बेअर्सचा जन्म १९२० चा, डेकेटर गावातल्या स्टेली नावाच्या स्टार्चच्या कारखान्यात. पुढच्या वर्षी टीमचा खेळाडू-प्रशिक्षक जॉर्ज हॅलसने ती शिकागोला नेली आणि १९२२ मध्ये नाव बदललं. लायन्स आधी ओहायोतल्या पोर्ट्समथचे. १९३४ मध्ये एका रेडिओ स्टेशनवाल्याने विकत घेऊन डेट्रॉइटला आणले. थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातल्या अमेरिकी सणाच्या) गुरुवारी त्यांचा सामना असतो, ती प्रथा त्याच वर्षीची. व्हायकिंग्ज शेंडेफळ, १९६१ चे. पण पहिल्याच सामन्यात त्यांनी बेअर्सना ३७-१३ असं लोळवलं, हे नातवाला जरूर सांगा.

आता ग्रीन बेबद्दल. गाव जेमतेम लाखभर वस्तीचं. न्यूयॉर्क-शिकागोच्या पंगतीत ते टिकलं, कारण टीमला मालकच नाही. १९२३ पासून ती भागधारकांची आहे आणि आज ते पाच लाखांवर आहेत. आपल्या सहकारी साखर कारखान्यासारखं वाटेल, पण इथे लाभांश नाही, ऊस घालायचा नाही, शेअर बाजारात विकताही येत नाही. २०११ मध्ये मीही २५० डॉलर मोजून एक घेतला. 'तेरा हजारांचा कागद भिंतीवर टांगायला?' असं सौ. म्हणाल्या. टांगलाय. वार्षिक सभा स्टेडियमवर भरते आणि मी तिथे हात वर करून ठराव मंजूर करून आलोय.

त्या स्टेडियमची गोष्ट मला फार आवडते. पन्नाशीच्या दशकात जुनं मैदान अपुरं पडायला लागलं. नवं बांधायचं तर गावाने कर्ज काढायचं, आणि त्यावर १९५६ मध्ये मतदान ठेवलं होतं. तेव्हा गावकऱ्यांना 'हो म्हणा' सांगायला भाषणाला कोण आलं असेल? बेअर्सचा हॅलस! ज्याच्या टीमला या गावाने पस्तीस वर्षं शिव्या घातल्या, तोच. कौल 'हो'चा आला. १९५७ मध्ये स्टेडियम उघडलं, पहिलाच सामना बेअर्सशी झाला आणि पॅकर्सनी त्यांना २१-१७ असं हरवून पाठवलं.

तिथे थंडीत बसायचं तर बूड टेकतं धातूच्या बाकावर आणि पाय काँक्रीटवर. माझ्या पहिल्या सामन्यात शेजारच्या आजोबांनी काही न बोलता खोक्याचा पुठ्ठा फाडून माझ्या बुटांखाली सरकवला. दुसऱ्या मोसमापासून मी घरूनच पुठ्ठा नेऊ लागलो. ३१ डिसेंबर १९६७ ला याच मैदानावर उणे २५ सेल्सिअसमध्ये डॅलसशी सामना झाला. गवताखालची गरम तारांची यंत्रणा बंद पडली आणि एका पंचाची शिट्टी ओठाला चिकटली.

'सगळ्यात भारी' म्हणाल तर अजिंक्यपदं पॅकर्सची १३ आणि बेअर्सची ९, लीगमधले पहिले दोन आकडे हेच. लायन्सची ४, तीही १९५७ पर्यंतची. २००८ मध्ये तर ते सोळाच्या सोळा सामने हरले. व्हायकिंग्ज चारदा सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत गेले नि चारही हरले. नातवासमोर हे वाक्य वाचू नका.

प्रश्न : टॅम्पा बे ही टीम दक्षिणेतल्या फ्लोरिडाची असूनही पूर्वी या नॉर्थच्या गटात (डिव्हिजनमध्ये) कशी होती? (नाशिक)

उत्तर : गटाचं नाव तेव्हा 'सेंट्रल' होतं. १९७० मध्ये एनएफएल आणि एएफएल या दोन लीग एकत्र आल्या, तेव्हा कोण कुठल्या गटात यावर मालकांचं एकमत होईना. शेवटी पाच आराखडे फुलदाणीत टाकले आणि कमिशनरच्या (लीगच्या प्रमुखाच्या) सेक्रेटरीबाईंनी चिठ्ठी काढली. आपले चौघे एकत्रच राहिले. १९७६ मध्ये आलेले टॅम्पा बे बकनियर्स पुढच्या वर्षी इथे डकवले गेले. सुरुवातीचे २६ सामने ते ओळीने हरले! २००२ च्या फेररचनेत ते दक्षिणेला गेले, गटाचं नाव नॉर्थ झालं, आणि त्याच मोसमात बकनियर्सनी सुपर बोल जिंकला.

प्रश्न : (पुन्हा सोलापूरच्या आजी) मग मी कुणाची बाजू घेऊ?

उत्तर : नातवाची. जावयांना मी एक पुठ्ठा पाठवतो.