बोट पथकात नवीन आलेल्या जवानासाठी

अग्निशमन दलात आगीची सवय लागलेला गडी पूर बचाव पथकात आला की गमबूट आणि आगीचं हेल्मेट घालूनच बोटीत चढतो. ते आधी काढ. गमबुटात पाणी भरलं की पाय उचलत नाही आणि त्या हेल्मेटची रुंद कड प्रवाहात सापडली की मान मागे ओढली जाते. लाईफ जॅकेटचा मांड्यांमधून जाणारा पट्टाही आवळायचा, नाहीतर पाण्यात जॅकेट वर सरकून तोंडावर येतं. बरेच जण लाजून तो लावत नाहीत, काय बोलणार!

बुडणाऱ्याकडे लगेच झेपावू नको. आधी बांबू पुढे कर, मग दोर फेक, मग बोट. उडी सगळ्यात शेवटी. आणि दोर कमरेला गाठ मारून कधीच बांधायचा नाही. वाहत्या पाण्यात तोच तुला खाली दाबतो.

कृष्णा-पंचगंगेच्या पुरात बोट उसातून, गल्लीतून न्यावी लागते. खाली तारेचं कुंपण, पंख्यात अडकणारी जलपर्णी नि कपडे, वर हाताला लागतील अशा विजेच्या तारा. पुढे बसलेल्याचे डोळे वर-खाली फिरत राहिले पाहिजेत.

पाण्यापेक्षा माणसं अवघड. म्हैस सोडून कुणी निघत नाही, आणि निघाले की सगळे एकदम चढतात. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला जादा माणसं भरलेली बोट उलटली होती. बोटीच्या क्षमतेत आपली माणसंही धरायची. त्यावर एकही नको, मग समोर सरपंच का असेना.